पाण्यापासून पाण्यापर्यंत

वाळवंटातून एकट्याने सायकल चालवून आल्याचे कळल्यापासून महाविद्यालयात मला जे प्रश्न विचारले गेले, त्यांत पहिला मान उंटाचा आणि दुसरा वाळूच्या टेकड्यांचा. तिसरा प्रश्न, भीती वाटली नाही का, हा. पाणी किती लागले, हे मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही. वस्तुतः त्या दिवसाचा सगळा हिशेब पाण्याचाच होता; पायांचा भाग त्यात थोडा. म्हणून प्रवासवर्णन लिहिण्याच्या फंदात न पडता, असा एक दिवस चालतो कसा, तेवढेच येथे सांगणार आहे.

दिवस मार्चच्या शेवटच्या आठवड्यातला. मार्ग राजस्थानातील पोकरण ते जैसलमेर, अंतर सुमारे ११० किलोमीटर. सायकल साधी, बावीस इंची, गिअर नसलेली. ती रेल्वेच्या पार्सलमधून जोधपूरला उतरवून घेतली होती व तेथून पोकरणपर्यंत दोन दिवस चालवल्यामुळे अंग सरावलेले होते. या भागात हिंडण्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण मी संध्याकाळी ज्या सायकलच्या दुकानात काम करतो, तेथे रजा मिळाली ती मार्चअखेरीस. तेव्हा दुपारचे तापमान पस्तीस-छत्तीस अंशांच्या घरात जाते. मे महिन्याशी तुलना केली तर हे काहीच नव्हे. पोकरणपासून फार दूर नसलेल्या फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले होते. त्या दिवसांत सायकल काढणे हे धाडसही नव्हे, दुसरेच काही आहे.

प्रथम टेकड्यांचा प्रश्न निकालात काढतो. वाळवंट म्हणजे लाटांसारखी वाळू, हे आपल्या डोक्यात चित्रपटांनी आणि कॅलेंडरांनी बसवले आहे. तशी वाळू पाहायची तर जैसलमेरच्याही पुढे चाळीस किलोमीटरवर सम येथे जावे लागते. पोकरण ते जैसलमेर हा पट्टा बहुतांशी खडकाळ, मुरमाड माळ आहे. खुरटी झुडपे, रुईची झाडे, मधूनच एखादी खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला आपट्याबरोबर जिची आठवण होते ती. पाऊस वर्षाला सरासरी वीस सेंटीमीटरच्या आसपास. आपल्याकडील दुष्काळी तालुक्यांतही याच्या दुप्पट तरी पडतो. रस्ता मात्र राष्ट्रीय महामार्ग, उत्तम डांबरी. वाळू काही ठिकाणी वाऱ्याने रस्त्यावर आलेली असते. तेथे जोर न करता उतरून सायकल हाताने ढकलावी. कारण सैल वाळूत पुढचे चाक वळते आणि सामानासह सायकल आडवी होते. वाळूविषयी एवढेच.

आता पाण्याकडे वळतो. सायकल आणि वाळवंट यांचा संबंध जुना आहे, आणि तो जुळला तोच मुळी पाण्यामुळे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८९० नंतरच्या दशकात सोन्याच्या खाणी सापडल्या, तेव्हा त्या निर्जल प्रदेशात निरोप पोचवायला, कामाच्या शोधात हिंडायला लोकांनी सायकली घेतल्या. घोड्याला रोज पाणी लागते, वैरण लागते. सायकलला दोन्ही लागत नाही. आर्थर रिचर्डसन हा तरुण १८९६ साली कूलगार्डीहून ॲडलेडपर्यंत, नलारबरचे वृक्षहीन पठार ओलांडून, तारेच्या खांबांच्या रेषेने ३१ दिवसांत एकटा गेला. पुढे १८९९-१९०० मध्ये त्याने ऑस्ट्रेलिया खंडालाच सायकलने वळसा घातला. आपल्या मुंबईतूनही फ्रामरोझ दावर हे पारशी गृहस्थ १९२४ साली एकटेच सायकलवर निघाले. व्हिएन्नाला त्यांना जोडीदार मिळाला आणि मग दोघांनी मिळून सहारा ओलांडला. यंत्राला तहान नसते, ही सायकलची मोठी सोय आहे. पण तिच्यावर बसलेल्याला असते, आणि सगळा घोळ तेथे सुरू होतो.

माणूस पॅडल मारतो तेव्हा शरीरात खर्च झालेल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो. उरलेले तीन हिस्से उष्णता होऊन अंगात राहतात. हवा थंड असेल तर वाऱ्याने ही उष्णता निघून जाते. पण हवेचेच तापमान अंगाच्या तापमानाला भिडू लागले की एकच वाट उरते, ती घामाची. एक लिटर पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवायला १०० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच एक लिटर पाणी घामाच्या रूपाने त्वचेवरून उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जाते. घाम हा असा जबरदस्त शीतक आहे. अट एकच, तो उडाला पाहिजे. कोकणात किंवा मुंबईत हवा दमट असल्यामुळे घाम उडत नाही, नुसता ठिबकतो. तेथे माणूस भिजतो आणि वैतागतो, पण निदान घाम येतो आहे हे त्याला कळते.

थरमध्ये उलट. हवा इतकी कोरडी की घाम कातडीवर येताक्षणी नाहीसा होतो. तासन्‌तास सायकल चालवूनही शर्ट कोरडा. आपल्याला घामच येत नाही, असे वाटू लागते. खरे काय ते पाठीवरच्या मिठाच्या पांढऱ्या रेघांवरून समजते. अर्धा ते एक लिटर पाणी दर तासाला अंगातून जात असते आणि तहान मात्र मागाहून लागते. म्हणून तहानेवर विसंबायचे नाही, घड्याळावर विसंबायचे. दर पंधरा मिनिटांनी चार घोट, वाटो वा न वाटो. दुसरी खूण लघवीची; ती गडद झाली किंवा चार-पाच तासांत झालीच नाही, तर थांबायचे. नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नव्हे. घामाबरोबर मीठ जाते आणि ते भरून न काढता पाणीच पीत राहिले तर रक्तातील मिठाचे प्रमाण घसरून चक्कर, मळमळ सुरू होते. माझ्या एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर असे आणि खिशात गूळ-शेंगदाणे.

निघताना सहा लिटर पाणी बरोबर होते. पाण्याचे वजन लिटरला एक किलो, तेव्हा हे सहा किलो आणि कपडे, हत्यारे मिळून कॅरिअरवर चौदा किलो झाले. सहापैकी दोन लिटर छागलीत होते. जाड कापडाची ही पिशवी आता आपल्याकडे दिसेनाशी झाली. तिच्या कापडातून पाणी किंचित पाझरते, वाऱ्याने उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. घामाचे जे शास्त्र तेच छागलीचे. दुपारी प्लॅस्टिकच्या बाटलीतले पाणी चहाइतके कोमट झाले, छागलीतले गार राहिले. त्यासाठी थोडे पाणी गमवावे लागते, हे खरे. पण कोमट पाणी माणूस घड्याळाप्रमाणे पीत नाही, टाळतो. मी हा तोटा आनंदाने सोसला.

पोकरणहून सकाळी सहाला निघालो तेव्हा अंधार होता. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचे, आणि जैसलमेर एकाहत्तर अंशांजवळ. त्यामुळे तेथे सूर्य घड्याळाच्या पाऊण तास मागे असतो. मार्चअखेरीस साडेसहा वाजून गेल्यावर सूर्योदय होतो, आणि सूर्य डोक्यावर येतो तो एक वाजायला आल्यावर. म्हणजे तापमानाची परमावधी तीन-चार वाजता. दिवसाची आखणी करताना हे धरावे लागते.

पहाटे हवेत चक्क थंडी होती. कोरड्या, निरभ्र हवेमुळे रात्री जमीन आपली उष्णता आकाशात टाकून मोकळी होते. वारा तर अजिबात नव्हता. तासाला पंधरा किलोमीटरने सायकल आपली आपण चालल्यासारखी चालली. सुमारे पंचवीस किलोमीटरवर खेतोलाई हे बिष्णोईंचे गाव लागले. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्या झाल्या ते ठिकाण या गावापासून जवळच आहे. या बाजूला लष्कराचा मोठा मुलूख आहे, तेव्हा सावली दिसली म्हणून रस्ता सोडून वाटेल तिकडे शिरायचे नाही. त्याच बिष्णोई समाजातल्या ३६३ स्त्री-पुरुषांनी १७३० साली जोधपूरजवळ खेजडली येथे खेजडीची झाडे वाचवण्यासाठी प्राण दिले होते. दुपारच्या वेळी त्या माळावर खेजडीखाली बसून पाहिल्यावर ही गोष्ट वेगळी समजते. चैत्रात इतर झुडपे वाळलेली असताना तिला पाला असतो.

साडेनऊच्या सुमारास लाठी आले. पंचेचाळीस किलोमीटर झाले होते आणि तीन लिटर पाणी संपले होते. लाठीच्या आसपासचा माळ माळढोकाचा म्हणून प्रसिद्ध आहे, आपल्या सोलापूरकडच्या नान्नजसारखा. मला एकही दिसला नाही. दिसली ती वाऱ्याची पहिली झुळूक, म्हणजे रुईची पाने हलताना दिसली, आणि ती समोरून होती.

वाऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण वाळवंटातला सायकलवाला उन्हापेक्षा वाऱ्याला जास्त भितो. सकाळी वारा नसतो आणि दहानंतर उठतो, यामागे कारण आहे. रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन तळाशी बसते, आणि वर वारा वाहत असला तरी तो खाली उतरू शकत नाही. भूगोलाच्या पुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. सूर्य वर आला, जमीन तापली, की खालची हवा वर जाऊ लागते, वरची खाली येते आणि येताना आपला वेग घेऊन येते. उन्हाळा जवळ येतो तसा तेथे पश्चिमेकडचा व नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो. माझी दिशा पश्चिम.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. मी तासाला पंधरा किलोमीटरने चाललो आहे आणि समोरून पंधरानेच वारा आला, तर हवेला मी तीस किलोमीटरने जातो आहे असे वाटते. म्हणजे विरोध दुप्पट नव्हे, चौपट. चौघे सायकलवाले बरोबर असते तर एकापाठोपाठ एक चालून, आळीपाळीने पुढे होऊन, हा विरोध वाटून घेता आला असता. एकट्याला आडोसा नाही. त्याला वेग कमी करणे एवढेच हातात. लाठीहून चांधनपर्यंतचे वीस किलोमीटर दोन तास खाऊन गेले.

चांधनला साडेअकरा वाजले. या परिसरात जमिनीखाली खोल गोड्या पाण्याचा मोठा साठा आहे. लाठीचेच नाव पडलेल्या एका वालुकाश्मात तो साठलेला आहे. थरमध्ये अनेक ठिकाणी विहीर असते पण पाणी खारे निघते, म्हणून चांधनचे महत्त्व. चहाच्या टपरीच्या मालकाने सायकल पाहून विचारले, "एकलो कठै जावै?" एकटा कुठे निघालास? जैसलमेर, म्हटल्यावर त्यांनी पश्चिमेकडे हात केला, तोंडाने फू केले आणि बाजेकडे बोट दाखवले. मी साडेतीनपर्यंत त्या बाजेवर होतो. भर दुपारी चालून जेवढे पाणी अंगातून जाते, त्याच्या कितीतरी कमी पाण्यात माणूस सावलीत पडून राहू शकतो.

पडल्या पडल्या हिशेब केला तो असा. जैसलमेर सेहेचाळीस किलोमीटर. वारा नसता तर तीन तास, म्हणजे सुमारे दोन लिटर पाणी. या वाऱ्यात तासाला नऊच्या वर जाणे शक्य नव्हते, म्हणजे पाच तासांहून जास्त आणि जवळजवळ चार लिटर. रस्ता तोच, किलोमीटरचे दगड तेच, पण पाणी दुप्पट. शिवाय एक लिटर असे, की जे चालताना प्यायचे नाही. ते थांबण्यासाठी राखून ठेवायचे. सायकल मोडली, अंगात ताकद राहिली नाही, तर एकट्याने करण्यासारखी सुरक्षित गोष्ट एकच, सावली धरून रस्त्यालगत बसणे आणि येणाऱ्या वाहनाला हात करणे. वाहने येतात, महामार्ग आहे. पण बसून राहायलाही पाणी लागते. तो लिटर फोडायची वेळ आली तर त्या क्षणी प्रवास संपला असे समजायचे आणि ट्रक थांबवायचा, हे मी जोधपूरलाच ठरवले होते.

चांधनला मी बाटल्या काठोकाठ भरल्या, विचारून. विचारून हे मुद्दाम लिहितो. तिकडे घरोघरी टांके असते, जमिनीत बांधलेले, वरून झाकलेले, पावसाचे पाणी साठवणारे. आपल्या किल्ल्यांवरच्या टाक्यांचेच भावंड. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी आता अनेक गावांना नळाने मिळते, तरी टांक्याचे पाणी म्हणजे घरातले धान्य. वाटेतल्या एका ढाणीवर, म्हणजे चार-दोन घरांच्या वस्तीवर, एका आजीने मी न मागता लोट्याने ओंजळीत पाणी घातले. ते प्यालो; बाटली मात्र पुढे केली नाही. आमच्या मराठवाड्यातल्या गावी टँकर आला की घागरी मोजून मिळतात. पाणी पाजणे निराळे आणि पाणी भरून देणे निराळे, हे मला कोणी शिकवावे लागले नाही.

साडेतीनला निघालो. पाचच्या सुमारास मागच्या चाकातली हवा गेली. कारण सापडले ते सराटा. गावाकडे अनवाणी चालणाऱ्याला हा काटा ठाऊक असतो. कसाही पडला तरी त्याचे एक टोक वर राहते. अमेरिकेच्या वाळवंटी भागातही सायकलींची चाके फोडणारा काटा हाच, याच वनस्पतीचा. तेथे तो बाहेरून जाऊन पसरला. दुकानात आम्ही पंक्चर शोधतो ते पाण्याच्या टबात. ट्यूब बुडवली की बुडबुडे येतात. येथे टब कोठून आणायचा? आणि बाटलीतले पाणी ट्यूबवर ओतणे म्हणजे अर्ध्या तासाचा प्रवास मातीत घालणे. आमच्या मिस्त्रींनी शिकवलेली रीत कामी आली. ट्यूब फुगवून, वाऱ्याकडे पाठ करून, ती ओठांजवळून हळूहळू फिरवायची. सुईएवढ्या छिद्रातून निघणारी हवा ओठांना बरोबर कळते. मग थुंकीचा थेंब लावून खात्री करायची. टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचे तुटलेले टोक काढले, घासले, सोल्युशन लावले, ते उन्हावाऱ्यात पाहता पाहता सुकले, पॅच बसला. चाळीस मिनिटे गेली. त्यात पंप मारण्याचा वेळ बराच आहे.

या चाळीस मिनिटांत अकरा वाहने गेली आणि दोन थांबली. एकटा माणूस आणि उलटी केलेली सायकल पाहून त्या रस्त्यावर लोक थांबतात, हेही नोंदवून ठेवतो. मी हात जोडून नको म्हटले, कारण तेव्हा जवळ तीन लिटर होते, राखीव लिटर धरून.

पुढचे दोन तास मी फक्त किलोमीटरचे दगड मोजले. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत सहा-सात मिनिटे. समोर डांबरावर मृगजळ, तळे साचल्यासारखे. तापलेल्या रस्त्यालगतची हवा विरळ होऊन आकाशाचा प्रकाश वाकवते, त्याचा हा खेळ. तो आपल्या सोलापूर रस्त्यावरही दिसतो. पण जेथे खरोखर पाणी नाही तेथे त्याच्याकडे पाहू नये असे वाटते. एकटेपणाचे म्हणाल तर ते भीतीच्या रूपाने येत नाही. ते येते शंकेच्या रूपाने. वारा खरोखर वाढला की पाय थकले? डोके जड झाले ते उन्हाने की उपासाने? बरोबर कोणी असते तर त्याने तोंडाकडे पाहून सांगितले असते. उष्माघाताचा पहिला मारा विचारशक्तीवरच होतो, आणि ज्या डोक्याने ओळखायचे तेच बिघडत असते. म्हणून मी दर दगडाला सतराचा पाढा म्हणत होतो. तो अडखळला की उतरायचे. एकदा अडखळला, उतरलो, एका खेजडीखाली डोक्याला ओला पंचा गुंडाळून वीस मिनिटे बसलो. पुन्हा म्हटला, बरोबर आला.

सातच्या आत-बाहेर सूर्य मावळला तेव्हा वीस किलोमीटर उरले होते. मी एका टपरीपाशी चहा घेत थांबून राहिलो, कारण सकाळचा खेळ आता उलट होणार हे ठाऊक होते. जमीन निवू लागली, खालची हवा जड होऊन बसली आणि अर्ध्या तासात वारा पडला. दिवसभर तोंडावर मारणारे ते दार कोणीतरी हळूच लोटून घेतल्यासारखे झाले. त्याच पायांनी, त्याच सायकलीवर, पुन्हा तासाला पंधरा किलोमीटर. अंधारात महामार्गावर सायकल चालवणे एरवी मी कोणाला सुचवणार नाही. मागे लाल दिवा, पुढे बॅटरी, पाठीवर चमकणारी पट्टी असूनही प्रत्येक ट्रकच्या आवाजाला मी रस्त्याखाली उतरत होतो. दोनदा तर उंट अंधारातून अचानक पुढ्यात उभे राहिले. (उंटाविषयी विचारणाऱ्यांचे एवढ्यावर समाधान व्हावे.) क्षितिजावर पवनचक्क्यांचे तांबडे दिवे उघडझाप करीत होते. त्या तेथे उभारल्या आहेत त्या याच वाऱ्यासाठी.

नऊच्या सुमारास जैसलमेरला पोचलो. राखीव लिटर शाबूत होता. दिवसभरात एकूण साडेनऊ लिटर पाणी प्यालो, चहा वेगळा. धर्मशाळेच्या अंगणात तो लिटर हातपाय धुण्यासाठी उघडला, पण नळ दिसल्यावर पुन्हा झाकण लावले.

कोणाला जायचे असल्यास डिसेंबर किंवा जानेवारीत जावे. त्या दिवसांत वारा मंद असतो आणि बहुधा उत्तर-ईशान्येचा, म्हणजे जैसलमेरकडे जाणाऱ्याला आडवा किंवा पाठीचा. छागल माझ्याकडे आहे, मागितल्यास मिळेल. मागचा टायर मात्र नवा घालून न्यावा लागेल.